परत आलेला खण

दुपारी दोन वाजता धारवाडच्या उन्हात शहाणं माणूस मैदानावर उभं राहत नाही. मी तीस वर्षं उभी राहिले. आमच्या शाळेला मैदान एकच. सकाळी ते मुलांच्या क्रिकेटचं, संध्याकाळी मुलांच्याच फुटबॉलचं. मग उरलं काय, तर दुपारचे दोन ते साडेतीन. ते मुलींना. कुणी मुद्दाम केलं नाही म्हणे, आपोआप तसं पडत गेलं. आपोआप पडणाऱ्या गोष्टी नेमक्या मुलींच्याच वाट्याला कशा येतात, असं मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं, तर सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

मी पीटी टीचर. मुलींना फुटबॉल शिकवते असं लोक सांगतात, पण खरं बोलायचं तर माझं निम्मं आयुष्य फुटबॉलमध्ये गेलंच नाही. ते लोकांच्या ओसरीवर चहा पिण्यात गेलं. एक मुलगी मैदानावर आणायची म्हणजे तिच्या घरी तीन खेपा. पहिल्या खेपेला आई म्हणते, "हिच्या अप्पांना विचारून सांगते." दुसऱ्या खेपेला अप्पा म्हणतात, "आमचं काही नाही हो टीचर, पण लोक काय म्हणतील." तिसऱ्या खेपेला ते लोकच ओसरीवर हजर असतात. मग अटी. लांब पॅन्ट घालेल, मुलांबरोबर खेळणार नाही, पाचच्या आत घरी येईल, आणि काळी पडणार नाही. या शेवटच्या अटीवर मी काय बोलणार? दुपारी दोनचं ऊन आहे बाबांनो! तरी मी "नाही हो पडणार" म्हणायचे. पोरी वर्षभरात तव्यासारख्या व्हायच्या आणि माझा शब्द खोटा पडायचा.

एवढं करूनही अकराच्या अकरा पोरी एका दिवशी मैदानावर आल्या असतील तर शपथ. एकीच्या घरी पाहुणे, एकीला धाकट्या भावाला सांभाळायचंय, एकीची आई बाजूला बसलीय म्हणून स्वयंपाक हिच्या गळ्यात. घरी पाहुणे आले म्हणून मुलगा खेळायला आला नाही, असं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. पाहुणे आले की मुलांना उलट घराबाहेर पिटाळतात.

पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होते. गुडघे कधीचेच झालेत. केलगेरीला माझं घर आहे, तळं जवळ आहे. संध्याकाळी तळ्याच्या काठावर जाऊन बसावं आणि कुणाच्याही मुलीचा विचार करू नये, एवढीच आता इच्छा उरलीय. पण एक मुलगी काही डोक्यातून जात नाही, आणि तिच्या बाबतीत मी केलेला गाढवपणाही. तो एकदाचा सांगून टाकते.

ती अळणावरजवळच्या एका खेड्यातून सकाळच्या बसनं शाळेला यायची. सोळा वर्षांची, दहावीला. हडकुळी, अबोल, हात मात्र लांबच्या लांब. पहिल्याच दिवशी मी सहज जोरात मारलेला बॉल तिनं दोन्ही हातांनी छातीशी घेतला आणि काखेत मारून उभी राहिली. चेहऱ्यावर काही नाही.

"हे कुठं शिकलीस गे?" मी विचारलं.

"गंजीवर टीचर. आई खालनं भाताच्या पेंढ्या फेकते, मी वर उभी राहून झेलते."

झालं, मला गोलकीपर मिळाली. बाकीच्या मुलींना मी बॉलला घाबरू नका हे शिकवण्यात वर्ष वर्ष घालवते. हिला तिच्या आईनं आधीच तयार करून ठेवली होती. मी फक्त कुठं उभं राहायचं ते सांगितलं.

त्या वर्षी हुबळीत एका क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी होती. निवड झाली की दोन वर्षं राहणं, जेवण, कॉलेज, खेळ, सगळं तिथंच. बाकी मुलींना ती चाचणी म्हणजे एक संधी होती. हिला मात्र तेवढाच एक रस्ता होता. तिच्या घरी दहावीनंतर मुलगी शिकवायची पद्धत नव्हती. तिच्या दोड्डप्पांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांनी, स्पष्ट सांगून ठेवलेलं, की परीक्षा झाली की हिचं बघायचं. वडील गोव्याला बांधकामावर, गणपतीला आणि शिमग्याला येणार. घर चालायचं दोड्डप्पांच्या शब्दावर. तेव्हा मला गोल नव्हे, एक लग्न अडवायचं होतं. आणि त्यासाठी एका संमतीपत्रावर घरच्या पुरुषाची सही पाहिजे होती. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

चाचणीला दोन आठवडे असताना एका रविवारी मी त्यांच्या घरी निघाले. आता माझं घराणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही मूळचे मिरजेकडचे. आजोबा हुबळीला आले आणि दुर्गदबैलात कापडाचं दुकान घातलं. आता ते माझा भाऊ आणि भाचा बघतात. दुकानदाराच्या घरातली रीत अशी, की कुणाच्या दारी काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. घरच्या बाईसाठी खण-नारळ न्यायचा. तीस वर्षं मी हेच केलं. आया खूश व्हायच्या आणि सही जरा सोपी पडायची. त्या दिवशीही भावाच्या दुकानातून चांगला हिरव्या काठाचा खण घेतला, नारळ घेतला, आणि अर्धा किलो पेढे घेतले. धारवाडहून पेढे नेले नाहीत तर लोक तोंडावर विचारतात.

दोड्डप्पा माणूस वाईट नव्हता. पंच्यावन्न-साठीचा, खांद्यावर टॉवेल, बोलणं मोजकं. तासभर मी डोकं फोडलं. वसतिगृहात बाई वॉर्डन आहे, गेटाला कुलूप असतं, मुलांचं वसतिगृह दुसऱ्या टोकाला आहे, सगळं सांगितलं. मध्येच शेजारच्या दोन-तीन म्हाताऱ्या दारात येऊन बसल्या. त्यांनी माझी चौकशी केली. घरी कोण कोण, दुकान कुठं, किती जुनं, भाच्याचं लग्न झालंय का. मी गप्पांच्या ओघात सगळं सांगत गेले. भाचा अठ्ठावीसचा आहे, अजून मुली बघतोय. जातीचं विचारलं, तेही सांगितलं. जात एकच निघाली, हे आमचं दुर्दैव.

शेवटी दोड्डप्पांनी सही केली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी पिशवीतून खण-नारळ काढला आणि मुलीच्या आईकडं वळले. ती ओसरीच्या अगदी टोकाला पोत्यावर बसली होती. तासाभरात एक अक्षर बोलली नव्हती. मी जवळ जाताच घाईनं म्हणाली, "शिवू नका टीचर, बाजूला हाय मी. पोरीलाच द्या की."

पाळीच्या दिवसांत ती ओटी घेणार नव्हती. बरं, म्हटलं, मुलीला तर मुलीला. मी त्या पोरीला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं. तिच्या ओढणीत खण-नारळ घातला. पेढ्याचा पुडा फोडला आणि पहिला पेढा माझ्या हातानं तिच्या तोंडात घातला. दारातल्या म्हाताऱ्या बघत होत्या. दोड्डप्पा बघत होते. परगावची एक वयस्क बाई, पोटात न मावणाऱ्या आनंदानं, लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीची ओटी भरते आणि तिचं तोंड गोड करते. घरात बिनलग्नाचा भाचा आहे, दुर्गदबैलात दुकान आहे, हे तिनं आत्ताच आपल्या तोंडानं सांगितलंय. यालाच मागणी घालणं म्हणतात, हे त्या ओसरीवर सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. अहो, माझ्या स्वतःच्या आतेबहिणींची लग्नं अशीच ठरलेली मी बघितलीत. पण माझ्या डोक्यात फुटबॉल होता ना!

निघताना दोड्डप्पा स्वतः स्टॉपपर्यंत सोडायला आले. उरलेले पेढे त्यांनी गल्लीत घरोघरी वाटले. बसमध्ये बसल्यावर मी मनात म्हटलं, बघा, खेडेगावातसुद्धा खेळाची कदर आहे. इतकी मी मूर्ख.

सोमवारी मुलगी आली नाही. मंगळवारी नाही. म्हटलं सुगी आहे, शेतावर असेल. पूर्ण आठवडा गेला. घरी एकच फोन, तो दोड्डप्पांकडं, आणि लावला की "टीचर, सगळं बरं हाय, काळजी करू नका" एवढं बोलून ठेवून देत. फार गोड बोलत. त्या गोडपणाचीच मला शंका यायला हवी होती.

पुढच्या सोमवारी दुपारी, मी मैदानावर नऊ पोरींना पळवत असताना, भाच्याचा फोन आला.

"आत्या, तू माझं लग्न ठरवलंयस का?"

"उन्हात चेष्टा करू नकोस रे."

"चेष्टा नाही गं. अळणावरकडचे तिघंजण आलेत दुकानात. कापड काही बघत नाहीत. दुकान किती खण लांब आहे ते मोजतायत. एक अप्पा मला म्हणाले, जरा त्या दारापर्यंत चालून दाखवा. आत्या, ते मला जावईबापू म्हणतायत."

एका क्षणात पाट, कुंकू, पेढा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"तू काय केलंस?"

"काय करणार, चहा पाजला."

"नुसता चहा?"

"भजी पण मागवली."

"झालं," मी म्हटलं, "म्हणजे पाहुणचारही झाला."

"ती मुलगी सोळा वर्षांची आहे म्हणे! मला पोलिस उचलतील की गं!" तो अक्षरशः रडकुंडीला आला होता. आत्ता फक्त बोलून ठेवायचं आणि लग्न दोन वर्षांनी, असं त्यांनी त्याला समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस पकडून मी गेले. दोड्डप्पांनी माझ्यासाठी खुर्ची टाकली, तिच्यावर नवा टॉवेल अंथरला. मुलगी आतून पाणी घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत नाहीत पण डझनभर तरी. ज्या हातांनी ती बॉल अडवायची ते हात. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्यामुळं झालं हे, दुसऱ्या कुणामुळं नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी सगळं सरळ सांगून टाकलं. माझी चूक झाली, मागणीचा विचारच मनात नव्हता, आईला द्यायची ओटी मुलीला दिली गेली, माफ करा. दोड्डप्पांचा चेहरा असा पडला की मला त्यांचीच दया आली.

"टीचर," ते म्हणाले, "गल्लीनं पेढे खाल्लेत. मी हुबळीला जाऊन पोरगं बघून आलोय. आता तुम्ही न्हाई म्हणालात तर पोरीत काय खोट हाय म्हणून गाव विचारंल. उद्या हिच्या दारात कोण येणार?"

"अहो, पण तिला खेळायला जायचंय. शनिवारी चाचणी आहे. तुम्ही सही केलीय."

"ती सही येगळी. आता ठरलेल्या पोरीनं मैदानात पळायचं म्हणजे..." त्यांनी कागद उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे हितंच."

मग आमचं भांडण झालं. इकडं माणसं गोड बोलतात ती मराठीत आणि तापली की कन्नडात जातात. ते गेले, मागोमाग मीही गेले. तुमच्या घरातल्या मुली म्हणजे काय दुकानातलं कापड आहे का, असं मी ओरडले. मापं घेत सुटता! ते म्हणाले, माप आधी कुणी घेतलं, खण कुणी आणला? मी चप्पल घातली आणि निघाले. कुठल्या बाजूनं गेलं तरी पोरगीच अडकत होती. आम्ही नको म्हणालो तर ती टाकलेली, हो म्हणालो तर ती बांधलेली. माझ्या एका पेढ्यानं तीस वर्षांची सगळी अक्कल मातीत घातली होती.

स्टॉपवर बसची वाट बघत मी एकटीच दगडावर बसले होते. तेवढ्यात मुलीची आई आली. काखेत रिकामी घागर, म्हणजे घरी पाण्याला जाते म्हणून सांगून आलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, "एक इचारू का टीचर? दिलेला खण-नारळ परत देत्यात का?"

"देतात की," मी थकून म्हटलं. "मुलीकडच्यांना मुलगा पसंत नसला तर परत पाठवतात. आमच्या दुकानदार लोकांत चालतं ते."

"मुलीकडचे न्हाई म्हणू शकत्यात?"

"शकतात."

"मग नाव कुणाचं जातंय?"

"मुलाचं. त्याच्यात काहीतरी कमी म्हणून नको म्हटलं, असं होतं."

ती मान हलवून घागर घेऊन गेली. मला वाटलं, बिचारी सहज विचारत असेल. मी तिच्याबद्दल पुढं विचारही केला नाही. तीस वर्षं आयांच्या ओट्या भरल्या, पण त्यांच्या डोक्यात काही शिजत असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

बुधवार असाच गेला. मी दुसऱ्या एका मुलीला गोलमध्ये उभी केली. ती बॉल आला की डोळे मिटून घ्यायची. मी तिला रागावलेसुद्धा नाही, इतकी मी कंटाळले होते.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मैदानाच्या फाटकातून तीन बायका आत आल्या. पुढं ती आई, मागं तिच्या गावच्या दोन बायका, त्यातली एक रविवारच्या म्हाताऱ्यांपैकीच. त्यांच्याही मागं ती पोरगी, शाळेच्या ड्रेसमध्ये, हातात बांगड्या नाहीत. आई सरळ मैदानाच्या मध्यावर माझ्यासमोर आली. नाकावर घाम, पदर घट्ट खोचलेला. पिशवीतून तिनं तो हिरव्या काठाचा खण काढला, त्यात गुंडाळलेला नारळ काढला, आणि सगळ्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"टीचर, आमची पोरगी तुमच्या घरात द्यायची न्हाई. पोरगं आमाला पसंत न्हाई. टक्कल पडाय लागलंय, आणि पोट बी सुटलंय. हा घ्या तुमचा खण, हा घ्या नारळ."

मग नऊतली एक पोरगी फिसकन हसली आणि दुसरीनं तिला चिमटा काढला. मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि तिला मिठी मारावीशी वाटली. पण ती दोन माणसं साक्षीला घेऊन आली होती. तेव्हा माझंही काम मला नीट करायला हवं होतं. मी मान खाली घातली. पदर पसरून खण-नारळ घेतला आणि पडेल आवाजात म्हटलं, "तुमची मर्जी. आमचंच नशीब नाही." ती म्हातारी माझ्याकडं बघून चकचक करत होती. आयुष्यात माझा इतका अपमान कधी झाला नव्हता, आणि अपमानाचा इतका आनंदही कधी झाला नव्हता.

नंतर कळलं, तिनं हे सगळं आदल्या दिवशी पिठाच्या गिरणीत बोलून ठेवलं होतं. मग येताना बसमध्येही, चांगलं मोठ्यानं. अळणावर ते धारवाड, बसभर माझ्या भाच्याचं टक्कल गाजलं. बिचाऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो आधी आरशासमोर गेला, आणि मग म्हणाला, "जाऊ दे आत्या, पोलिसांपेक्षा टक्कल बरं."

त्या दोन बायका बाजारात गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन खाली बसली. पदरानं तिनं नाकावरचा घाम पुसला.

"आता त्यो सहीचा कागद," ती म्हणाली. "त्यो तर दोड्डप्पांनी ठेवून घेतलाय."

माझ्या बॅगेत संमतीपत्राचे कोरे कागद होते, पण काय उपयोग? "सही कोण करणार? तिचे अप्पा गोव्यात, आणि दोड्डप्पा..."

"वाचा की त्यात काय लिवलंय. बाप्याचीच पायजे म्हणून लिवलंय का?"

मी कागद काढला. चष्मा लावला. इतक्या वर्षांत इतक्या घरी नेलेला तो कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. खाली लिहिलं होतं, आई, वडील किंवा पालक. आई आधी लिहिली होती. आणि मी बाई, स्वतः बाई असून, ओसऱ्यांवर बसून अप्पांची वाट बघत चहा ढोसत होते! किती मुली मी निव्वळ यामुळं घालवल्या असतील, मोजायची हिंमत होत नाही. त्या दिवशी माझी मला जेवढी लाज वाटली तेवढी पेढ्याचीही वाटली नव्हती.

तिनं माझ्या गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर काढत, मध्ये थांबत, ओठ दाताखाली धरून. पोरगी शेजारी उभी राहून बघत होती. सही झाल्यावर आईनं पेन माझ्या हातात दिलं आणि पोरीला म्हणाली, "जा, हुबी ऱ्हा तिकडं." पोरगी गोलकडं पळत गेली.

दोड्डप्पांचं काय झालं, तर काहीच नाही. पहिला दिवस ते जेवले नाहीत म्हणे. मग चहाच्या टपरीवर लोक विचारायला लागले तेव्हा, "दुकान मोठं हाय, पण पोरगं काय आमच्या मनाला आलं न्हाई," असं स्वतःच सांगायला लागले. दोन दिवसांत तो निर्णय त्यांचाच झाला. होऊ दे झाला. मला निर्णय कुणाचा याच्याशी देणंघेणं नव्हतं.

शनिवारी हुबळीच्या मैदानावर मुलांची चाचणी सकाळी गारव्यात झाली. मुलींची दुपारी दोनला. मी हसले फक्त. भांडायचं त्राण नव्हतं. आई पोरीबरोबर आली होती, एका बाजूला पायरीवर सावली बघून बसली होती. पोरीनं दोन गोल खाल्ले, एक तर अगदीच सोपा. पण पुढचे सात-आठ असे काही अडवले, की मुलांचे कोच चहाचे ग्लास हातात धरून दोरीपाशी येऊन उभे राहिले. चारच्या सुमाराला नावं वाचली. तिचं चौथं होतं.

मी आईपाशी जाऊन बसले. सांगितलं, झाली निवड. तिला एकदम कळलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता दोन वर्षं कोण मागाय येणार न्हाई?"

"आलं तरी ती घरी सापडणार नाही."

समोर पोरी एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. खण अजून माझ्या बॅगेतच होता. परत आलेला खण शिवायचा नसतो आणि दुसऱ्या कुणाला द्यायचाही नसतो. मी तिला म्हटलं, "धीराची आहेस बाई. मला नसतं जमलं."

"धीर कसला अक्का," ती म्हणाली. आजवर मला टीचर म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा अक्का म्हणाली. "मला खण आला तवा मी चौदा वर्साची होते. बॉल तर सोडाच, गोट्या खेळत होते परड्यात. आईनं हाक मारली, पाटावर बसवली. परत देता येतोय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. तुमी स्टॉपवर सांगितलं तवा कळलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. तिनं पायरीवरून उठून पदर झटकला आणि पोरीला हाक मारली. साडेपाचची बस होती, आणि घरी म्हशीची धार काढायची होती.